पॉवर ऑटोमेट आधी शिकावं की पॉवर बीआय? (स्टोअर, डिस्पॅच, एमआयएस म्हणजे व्यवस्थापनाच्या रिपोर्टच्या कामासाठी)

इंद्रायणीकाठ

चाकण भागात गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यातलं काम डोळ्यांसमोर ठेवून विचारतो आहे. तीन सुपरवायझर रोज संध्याकाळी आपापली डिस्पॅचची एक्सेल शीट मेलवर पाठवतात. हिशेब टॅलीत. खरेदीचे इंडेंटही (मागणीपत्रं) मेलवरच फिरतात, मंजुरी कुणाकडे अडलीय ते फोन केल्याशिवाय कळत नाही. महिन्याच्या ५ तारखेला मालकांना रिपोर्ट जातो: किती माल गेला, किती वेळेवर गेला, कोणत्या पार्टचा साठा पडून आहे.

कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड आहे. शिकायला रोज एक तास, साधारण तीन महिने. ऑटोमेट (ठरलेली कामं आपोआप करणारं साधन) आणि बीआय (माहितीचे रिपोर्ट, आलेख बनवणारं साधन) दोन्ही एकदम धरायचं नाही. आधी काय घ्यावं आणि का?

खतावणी

मागच्या महिन्याच्या रिपोर्टला लागलेले तास कागदावर दोन रकान्यांत मांडा. एका रकान्यात माहिती यायची वाट पाहण्यात गेलेला वेळ, दुसऱ्यात आलेली माहिती जुळवण्यात, दुरुस्त करण्यात गेलेला. पहिला रकाना मोठा निघाला तर ऑटोमेट, दुसरा मोठा निघाला तर रिपोर्टिंग.

तुमचं वर्णन वाचून माझं मत: सुरुवात रिपोर्टिंगच्या बाजूनं करा, पण पॉवर बीआय उघडण्याआधी एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (फाइल जोडून माहिती साफ करणारी सोय) शिका. ते २०१६ पासून एक्सेलच्या 'डेटा' टॅबमध्येच आहे, वेगळा पैसा नाही, आणि पॉवर बीआयमध्ये हाच एडिटर पुन्हा भेटतो. इथं शिकलेलं काहीच वाया जात नाही.

तीन सुपरवायझरांच्या शीटचं काम असं करायचं. सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा. डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर. मग 'कंबाइन अँड ट्रान्सफॉर्म'. एक्सेल पहिली फाइल नमुना धरतं आणि बाकीच्या फाइलना तेच सोपस्कार लावतं. अडचणी इथूनच सुरू होतात, त्या आधीच ठाऊक असाव्यात:

एका फाइलमध्ये शीटचं नाव 'शीट१' आणि दुसरीत 'डिस्पॅच' असलं की 'की जुळली नाही' अशा अर्थाची एरर येते. शीटची नावं तिघांनाही ठरवून द्या.

नमुन्याच्या फाइलमध्ये नसलेला कॉलम बाकीच्या फाइलमधून गुपचूप गळतो. एरर येत नाही, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. 'नग' या शीर्षकापुढे एक स्पेस जास्त पडली तरी पॉवर क्वेरीच्या लेखी तो निराळा कॉलम असतो.

फोल्डरमधली फाइल कुणी उघडून ठेवली असेल तर ~$ नं सुरू होणारी एक लपलेली फाइल तयार होते आणि रिफ्रेश (फाइलमधली माहिती पुन्हा आणणं) तिच्यावर अडखळतो. पहिल्याच पायरीत नावावर फिल्टर लावून ती वगळा.

'चेंज्ड टाइप' ही पायरी एक्सेल आपणहून घालतं. तिच्यात कॉलमची नावं पक्की लिहिलेली असतात. पुढे कुणी कॉलमचं नाव बदललं की रिफ्रेश तिथंच मोडतो. ती काढून टाका आणि सगळी साफसफाई झाल्यावर शेवटी एकदाच टाइप द्या.

मधली_सुट्टी

खतावणी यांचा मुद्दा पटतो, तरी इंडेंटच्या बाबतीत मत वेगळं आहे. ती माहिती आज कुठल्याच तक्त्यात नाही, मेलच्या साखळीत विखुरली आहे. जे नोंदलंच जात नाही त्याचा रिपोर्ट कुठून काढणार? ज्यांचं काम मुख्यतः मंजुऱ्या, रजा, प्रवासखर्च, तक्रारी असं आहे (एचआर, ॲडमिन, खरेदी), त्यांनी आधी ऑटोमेटच घ्यावं. तक्ता भरायला लागला की सहा आठवड्यांनी रिपोर्टला खाद्य मिळतं.

इंडेंटचा फ्लो (ऑटोमेटमधली आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) तपशिलात लिहितो, कारण पहिला फ्लो म्हणून तो फार चांगला आहे.

शेअरपॉइंटवर (३६५ मधली सामायिक फाइल आणि याद्यांची जागा) एक लिस्ट करा. कॉलम: पार्ट, नग, अंदाजे रक्कम, मागणारा, स्थिती. कॉलम तयार करताना नाव रोमन लिपीत, आखूड आणि स्पेस न देता द्या. तयार झाल्यावर ते बदलून मराठी करा. शेअरपॉइंट पहिल्या वेळी दिलेलं नाव आतल्या आत कायमचं धरून ठेवतं. पहिलंच नाव देवनागरीत दिलं तर प्रत्येक अक्षराचं सांकेतिक आकड्यांत रूपांतर होतं आणि ३२ चिन्हांवर ते तुटतं. मग फ्लोमध्ये फिल्टर लिहिताना त्या लांबलचक सांकेतिक नावाशी झटापट करावी लागते. मराठी लिस्टवर काम करणाऱ्या बहुतेकांना हे फार उशिरा कळतं.

ट्रिगर, म्हणजे फ्लो सुरू करणारी घटना, 'आयटम तयार झाल्यावर' हाच घ्या. 'तयार किंवा बदल झाल्यावर' घेतलात आणि त्याच फ्लोनं शेवटी 'स्थिती' बदलली, तर तो बदल पाहून फ्लो पुन्हा सुरू होतो, पुन्हा बदलतो, आणि थांबतच नाही. बदलावरच चालवायचा असेल तर ट्रिगरच्या सेटिंगमध्ये अट घाला: स्थिती 'नवीन' असेल तरच.

मग 'स्टार्ट अँड वेट फॉर ॲन ॲप्रूव्हल'. दोघांपैकी कुणीही मंजूर केलं तरी चालणार असेल तर 'फर्स्ट टू रिस्पॉन्ड', दोघांची सही हवी असेल तर 'एव्हरीवन मस्ट ॲप्रूव्ह'. त्याखाली कंडिशन. रक्कम २५,००० च्या वर गेली की दुसरी मंजुरी, असंही तिथंच लावता येतं.

एक फ्लो जास्तीत जास्त ३० दिवस चालतो. साहेब महिनाभर गावाला गेले आणि मंजुरी राहिली तर तो मरतो. म्हणून मंजुरीच्या ॲक्शनला टाइमआउट द्या. तीन दिवसांसाठी तो 'पी३डी' असा लिहितात, रोमन अक्षरांत. पुढच्या ॲक्शनच्या 'रन आफ्टर'मध्ये 'हॅज टाइम्ड आउट'वर खूण करा आणि तिथून आठवणीचा मेल पाठवा. ही एक सोय केली की 'कुणाकडे अडलंय' हे विचारायचा फोन बंद होतो.

इंद्रायणीकाठ

दोघांचे आभार. वेळेचा हिशेब मांडला. महिन्याला साधारण १४ तास जातात, त्यातले १० जुळवण्यात. त्यातही दोन ठिकाणी जास्त: टॅलीतून काढलेली येणी, आणि तारखा. टॅलीच्या एक्सेलमध्ये डेबिट-क्रेडिट डोळ्यांना दिसतं, पॉवर क्वेरीत आणलं की जातं. हे कशामुळे?

खतावणी

टॅली काही रिपोर्टमध्ये 'डीआर' आणि 'सीआर' ही अक्षरं सेलमध्ये लिहीत नाही, सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये घालते. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहा, तिथं नुसतं ४५२०० दिसेल. पॉवर क्वेरी फॉरमॅट वाचत नाही, फक्त किंमत उचलते. त्यामुळे ४५,२०० येणं आणि ४५,२०० देणं दोन्ही सारखंच दिसतं, आणि बेरीज वाटेल ती येते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डेबिट आणि क्रेडिट वेगवेगळ्या कॉलममध्ये देणारा रिपोर्ट निर्यात करणं. ट्रायल बॅलन्स आणि लेजर व्हाउचर असे येतात. मग पॉवर क्वेरीत एक कॉलम वाढवून डेबिट वजा क्रेडिट करा. त्याआधी दोन्ही कॉलममधल्या रिकाम्या जागी शून्य भरा, नाहीतर रिकाम्यातून वजाबाकी केली की उत्तरही रिकामं येतं आणि त्या ओळी बेरजेतून निसटतात.

दुसरा मार्ग एक्सएमएल निर्यातीचा. तिथं रकमेला चिन्ह असतं, डेबिट उणे येतं. तिसरा ओडीबीसीचा, म्हणजे टॅलीशी थेट जोडणीचा, टॅली सुरू ठेवून ९००० या पोर्टवर. तो रोजच्या कामाला सोयीचा, पण त्या संगणकावर टॅली उघडी आणि तीच कंपनी लोड केलेली असावी लागते. शिकण्याच्या काळात पहिलाच धरा.

सातवा_मजला

तारखांचं मी लिहितो. ही चूक दोन्ही साधनांत आहे, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त घातक आहे.

समजा एप्रिलच्या डिस्पॅचमध्ये तारखा मजकूर म्हणून आल्या आहेत: ०१/०४/२०२५, ०२/०४/२०२५, असं ३० तारखेपर्यंत. पॉवर क्वेरीचं लोकेल (देशानुसार तारीख वाचायची पद्धत) अमेरिकन असेल तर ती पहिला आकडा महिना धरते. १ एप्रिल होतो ४ जानेवारी, २ एप्रिल होतो ४ फेब्रुवारी, १२ एप्रिल होतो ४ डिसेंबर. १३ पासून पुढे एरर, कारण तेरावा महिना नसतो. आता एरर दिसल्या म्हणून कुणी 'रिमूव्ह एरर्स' दाबलं तर १३ ते ३० अशा १८ दिवसांचा माल रिपोर्टमधून नाहीसा होतो, आणि उरलेल्या १२ दिवसांचा माल वर्षभर पसरतो.

ओळखायची खूण: महिन्यांच्या आलेखात प्रत्येक महिन्यात थोडं थोडं काहीतरी दिसतं आणि तारीख नेहमी त्या महिन्याची ४ असते. एप्रिलऐवजी जुलैचा डेटा असेल तर ७ तारीख.

उपाय: कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक, चेंज टाइप, युझिंग लोकेल, तिथं 'डेट' आणि 'इंग्लिश (इंडिया)'. आधीची आपोआप आलेली टाइपची पायरी असेल तर ती काढूनच हे करा. ती ठेवून वर दुसरी चढवली तर उलटलेली तारीख सुलट होत नाही.

ऑटोमेटमध्ये तारखेचं दुखणं निराळं. एक्सेलच्या तक्त्यातल्या ओळी वाचल्या की तारखेऐवजी ४५७४८ असा आकडा हातात पडतो. तो एक्सेलचा अनुक्रमांक आहे, १ एप्रिल २०२५ चा. ओळी वाचणाऱ्या ॲक्शनच्या प्रगत सेटिंगमध्ये 'डेटटाइम फॉरमॅट' आहे, तिथं आयएसओ ८६०१ निवडा.

आणि वेळ. फ्लोचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रोज सकाळी ९ चा फ्लो लावताना टाइम झोन दिला नाही तर मेल दुपारी अडीचला जातो. ट्रिगरमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेला झोन निवडा. पॉवर बीआयच्या सर्व्हिसवर (ब्राउझरमधल्या रूपात) 'टुडे' हे फंक्शनही यूटीसीचाच दिवस देतं. पहाटे ५ ला रिफ्रेश लावलात तर 'आजचा डिस्पॅच' म्हणून कालचा दिसेल. तिसऱ्या पाळीचं उत्पादन मोजणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

कोकणकडा_०७

लायसन्सबद्दल कुणी लिहिलं नाही. घरच्या जीमेलवर पॉवर बीआय शिकता येतं का? आणि बिझनेस स्टँडर्डमध्ये नेमकं काय मिळतं?

सातवा_मजला

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोजवरच चालतं, आणि शिकण्यासाठी लॉगिन लागत नाही. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काही लाख ओळी सहज चालतात. सर्व्हिसवर, म्हणजे ब्राउझरमध्ये रिपोर्ट चढवायला मात्र कंपनीचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो. जीमेल चालत नाही.

बिझनेस स्टँडर्डमध्ये पॉवर बीआय प्रो (पैसे भरून घ्यायचं लायसन्स) नाही. रिपोर्ट स्वतःपुरता चढवता येतो, दुसऱ्याला दाखवायचा तर देणाऱ्याकडे आणि पाहणाऱ्याकडे दोघांकडे प्रो हवं. प्रोमध्ये एका मॉडेलला १ जीबीची मर्यादा आणि दिवसाला ८ ठरलेले रिफ्रेश. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसला की वेळापत्रक आपोआप बंद पडतं.

मालक एकटेच रिपोर्ट पाहणार असतील तर पीडीएफ काढून पाठवा, किंवा मूळ फाइल शेअर फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांच्या संगणकावर डेस्कटॉप बसवा. पैसे वाचवायला 'पब्लिश टू वेब' कधीही वापरू नका. ती लिंक जगात कुणालाही उघडते, पासवर्ड नाही. ग्राहकांची नावं आणि दर असलेला रिपोर्ट तिथं टाकणं म्हणजे गोदामाचं दार उघडं टाकून घरी जाणं.

ऑटोमेटचं साधं रूप तुमच्या लायसन्समध्ये आहे: आउटलुक, शेअरपॉइंट, फॉर्म्स, एक्सेल ऑनलाइन, टीम्स, ॲप्रूव्हल्स. एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) आणि एचटीटीपी (बाहेरच्या वेबसेवांशी जोडणी) प्रीमियममध्ये मोडतात, त्यांना वेगळे पैसे. दिवसाला माणशी ६,००० रिक्वेस्टची (साधारण एका ॲक्शनला एक) मर्यादा आहे, ती ऐकायला भरपूर वाटते. पण ५०० ओळींवर फिरणारं 'अप्लाय टू ईच' आणि आत तीन ॲक्शन, म्हणजे एका फेरीत १,५००. दिवसातून चार वेळा चालवलं की कोटा संपला. ओळी आत आणून मग अट लावण्यापेक्षा वाचतानाच फिल्टर क्वेरी द्या.

हेही लक्षात असू द्या: 'लिस्ट रोज प्रेझेंट इन अ टेबल' न सांगता फक्त २५६ ओळी आणतं, शेअरपॉइंटचं 'गेट आयटम्स' १००. फ्लो हिरवा दिसतो, 'सक्सीडेड' म्हणतो, आणि २५७ वी ओळ कुठेच नसते. सेटिंगमध्ये पेजिनेशन (पुढच्या ओळीही आणायची सोय) सुरू करा.

जमाखर्च

अकाउंट्सच्या लोकांसाठी थोडी भर. जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. ते पोर्टलवरून आपोआप उतरवायला आणि खरेदीशी जुळवायला डेस्कटॉप फ्लो (पडद्यावरची बटणं आपोआप दाबणारा) शिकावा, असा सल्ला बरेचदा मिळतो. पहिला भाग सोडून द्या. लॉगिनला कॅप्चा आहे, आणि पानाची मांडणी बदलली की बटण शोधणारे सिलेक्टर मोडतात. हातानं फाइल उतरवायला पाच मिनिटं लागतात. वेळ जातो जुळवण्यात, आणि ते पॉवर क्वेरीचं काम आहे.

२बीच्या फाइलमधल्या बीटूबीच्या (व्यापाऱ्यांमधल्या बिलांच्या) शीटमध्ये वरच्या काही ओळी शीर्षकाच्या असतात आणि कॉलमची नावं दोन ओळींत मर्ज केलेली. वरच्या ओळी काढा, दोन ओळींची नावं एकत्र करण्याच्या खटपटीत न पडता कॉलमना स्वतः नावं द्या. मग जुळवणीची किल्ली बनवा: पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि साफ केलेला बिल नंबर.

साफ करणं म्हणजे मोठी अक्षरं, स्पेस, तिरकी रेघ आणि आडवी रेघ काढणं, आणि सुरुवातीची शून्यं काढणं. पुरवठादार '००४५' लिहितो, आपला माणूस टॅलीत '४५' घालतो. ही दोन बिलं एकच आहेत हे किल्लीला कळलं पाहिजे.

बिल नंबर '३-४' असा असेल तर एक्सेलमध्ये टाइप करताक्षणी त्याची तारीख होते. पॉवर क्वेरीत आणल्यावर ते परत मिळत नाही. त्या कॉलमचा फॉरमॅट आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

मर्ज करताना आपली खरेदी डावीकडे, २बी उजवीकडे ठेवून 'फुल आउटर' घ्या, म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या ओळी राहतात. डावीकडे रिकामं म्हणजे आपल्याकडे बिल चढलेलं नाही, उजवीकडे रिकामं म्हणजे पुरवठादारानं भरलेलं नाही. दोन्हीकडे असेल तर करपात्र रकमेतला फरक काढा आणि १ रुपयापर्यंतचा सोडून द्या, तो रक्कम पूर्ण रुपयांत केल्याचा असतो. २० तारखेला ३बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) भरायचं असतं, म्हणजे पुरवठादाराच्या मागे लागायला हातात सहा दिवस. जुळवणी १४ लाच संध्याकाळी झाली तर ते सहाही दिवस कामी येतात.

कोकणकडा_०७

आमच्याकडे सगळं गूगलवर आहे. तिथंही हाच क्रम का?

मधली_सुट्टी

क्रम हाच. आधी शीटमधलं 'क्वेरी' फंक्शन, मग रिपोर्टसाठी लुकर स्टुडिओ (२०२२ पर्यंत त्याचं नाव डेटा स्टुडिओ होतं), मग ऑटोमेटच्या जागी ॲप्स स्क्रिप्ट. फरक एवढाच की ॲप्स स्क्रिप्ट म्हणजे खरोखरचा जावास्क्रिप्ट कोड, त्यामुळे शिकायला जास्त दिवस धरा. एका धावेला ६ मिनिटांची मर्यादा आहे. सेलमागून सेल वाचणारी स्क्रिप्ट तिथंच संपते, म्हणून पूर्ण रेंज एकदम वाचायची, मेमरीत काम करायचं, एकदम लिहायची. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टनं दिवसाला १०० जणांनाच मेल जातात, वर्कस्पेसमध्ये १,५००.

खतावणी

आता मूळ प्रश्नाकडे. दहा तास जुळवण्यात जात असतील तर उत्तर ठरलं. रोज एक तास धरून क्रम असा लावा.

पहिले चार आठवडे पॉवर क्वेरी, दुसरं काही नाही. फोल्डर जोडणं, अनपिव्हट (आडवे कॉलम उभ्या ओळींत आणणं), मर्ज (दोन तक्ते जुळवणं), ग्रुप बाय (गटवार बेरीज). अनपिव्हटवर दोन दिवस जास्त द्या. आपल्याकडच्या शीटमध्ये १ ते ३१ तारखा आडव्या ३१ कॉलममध्ये मांडायची सवय आहे. ती माणसाला वाचायला छान, पण रिपोर्टला एक तारीख, एक पार्ट, एक नग अशी उभी ओळ लागते. पार्ट आणि ग्राहक हे कॉलम निवडायचे, 'अनपिव्हट अदर कॉलम्स', झालं. १ ते ३१ हे कॉलम निवडून 'अनपिव्हट ओन्ली सिलेक्टेड कॉलम्स' करू नका. 'अदर' वापरलं की पुढे कॉलम वाढले तरी ते आपोआप आत येतात.

पाचव्या आठवड्यात पॉवर बीआय. मधोमध डिस्पॅचचा तक्ता, भोवती पार्ट, ग्राहक, तारीख असे तीन छोटे तक्ते, आणि संबंध छोट्याकडून मोठ्याकडे. तारखेचा तक्ता स्वतः बनवा. 'कॅलेंडरऑटो'ला ३ दिलं की तक्ता एप्रिल ते मार्च अशा पूर्ण आर्थिक वर्षांचा होतो. 'टोटलवायटीडी'लाही (वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज) शेवटी ३१ मार्च सांगावं लागतं, नाहीतर बेरीज १ जानेवारीला शून्यावर येते आणि मालक विचारतात की नऊ महिन्यांची विक्री गेली कुठे.

डॅक्समध्ये (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) सगळ्यांत आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे टक्केवारी. तुमच्या 'वेळेवर गेलेला माल' या आकड्यावरच दाखवतो. पहिल्या लाइनवरून १० खेपा गेल्या, दहाही वेळेवर: १०० टक्के. दुसऱ्या लाइनवरून १९० गेल्या, ९५ वेळेवर: ५० टक्के. एक्सेलमध्ये लाइनवार टक्क्यांची सरासरी काढणारा ७५ लिहितो. खरं उत्तर २०० पैकी १०५, म्हणजे ५२.५ टक्के. साडेबावीस टक्क्यांची ही फुगवट ग्राहकाच्या ऑडिटमध्ये उघडी पडते. म्हणून टक्केवारीचा कॉलम कधीच करायचा नाही. दोन मेझर (फिल्टरनुसार नव्यानं मोजली जाणारी सूत्रं) करायची, एकूण खेपा आणि वेळेवरच्या खेपा, आणि तिसरं मेझर 'डिव्हाइड' वापरून. मग लाइन, ग्राहक, महिना, कशावरही फिल्टर लावा, प्रत्येक जागी भागाकार नव्यानं होतो आणि बरोबर येतो. हे एक उदाहरण हातानं कागदावर सोडवून मग पडद्यावर पडताळा. फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणजे काय ते त्यातच कळतं.

नवव्या आठवड्यापासून ऑटोमेट. तोवर तक्ता कसा असावा हे हाताला कळलेलं असेल, म्हणून मधली_सुट्टी यांचा इंडेंटचा फ्लो तुम्हाला दोन आठवड्यांत जमेल. आधी फ्लो करणाऱ्यांची लिस्ट बहुधा चुकीची आखली जाते: नग आणि एकक एकाच रकान्यात ('५० नग'), स्थिती मोकळ्या मजकुरात. मग त्यावर रिपोर्ट होत नाही आणि लिस्ट नव्यानं करावी लागते.

मधली_सुट्टी

क्रम मान्य. एक दुरुस्ती सुचवतो. इंडेंटच्या आधी, चौथ्या आठवड्यातच, एक छोटा फ्लो घ्या: सुपरवायझरांचे मेल आले की जोडलेली शीट आपोआप फोल्डरमध्ये. तासाभराचं काम आहे आणि पॉवर क्वेरीला रोजचा खुराक मिळतो.

ट्रिगर 'नवा मेल आल्यावर (व्ही३)', विषयात 'डिस्पॅच' हा शब्द, 'इन्क्लूड अटॅचमेंट्स' हो. मग प्रत्येक अटॅचमेंटवर फेरी, आत अट: नावाचा शेवट एक्सएलएसएक्स. ही अट विसरलात तर सहीतला कंपनीचा लोगोही दर मेलमागे फाइल म्हणून फोल्डरमध्ये येऊन पडतो. फाइलच्या नावापुढे मेलची तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव जोडा, कारण तिघेही रोज 'डिस्पॅच' याच नावाची फाइल पाठवणार आणि एक दुसरीवर बसणार.

फ्लो ज्याच्या खात्यानं जोडला त्याच्या पासवर्डवर तो उभा असतो. त्या माणसानं नोकरी सोडली, खातं बंद झालं, की फ्लो थांबतो. शक्य असेल तर कामापुरतं वेगळं खातं काढा, निदान दुसरा को-ओनर नेमा. चाललेल्या फेऱ्यांचा इतिहास २८ दिवसच राहतो, आणि सतत १४ दिवस फसत असलेला फ्लो आपोआप बंद केला जातो. म्हणून फसल्यावर स्वतःला मेल येईल अशी एक शाखा पहिल्याच दिवशी ठेवा.

इंद्रायणीकाठ

हे फार उपयोगी. पॉवर क्वेरीचे चार आठवडे सोमवारपासून, चौथ्यात मेलचा फ्लो. शेवटची शंका: फाइल शेअरपॉइंटच्या फोल्डरमध्ये आल्या, एक्सेलमधून 'फ्रॉम शेअरपॉइंट फोल्डर' घेतलं, फोल्डरचा पत्ता ब्राउझरमधून उचलून चिकटवला, तर तो पत्ता चालत नाही म्हणून एरर येते. आणि एक्सेलचा हा रिफ्रेश फ्लोकडूनच करून घेता येईल का?

सातवा_मजला

तिथं फोल्डरचा पत्ता द्यायचा नसतो, साइटचा द्यायचा. पत्त्यात 'साइट्स' या शब्दानंतर तुमच्या साइटचं नाव येतं, तिथंच तोडा, पुढचं सगळं काढा. लॉगिनला 'ऑर्गनायझेशनल अकाउंट' निवडा. मग त्या साइटवरच्या सगळ्या फाइल दिसतील, त्यांना 'फोल्डर पाथ' या कॉलमवर फिल्टर लावा. साइट मोठी असेल तर पहिला फिल्टर यायला वेळ लागतो, म्हणून डिस्पॅचच्या फाइलसाठी वेगळी छोटी साइटच काढली तर उत्तम. वनड्राइव्हनं सिंक केलेल्या फोल्डरवर साधं 'फ्रॉम फोल्डर'ही चालतं, पण त्या पत्त्यात विंडोजच्या वापरकर्त्याचं नाव असतं, दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडली की रिफ्रेश मोडतो.

रिफ्रेशचं म्हणाल तर ऑटोमेटच्या एक्सेल ऑनलाइन कनेक्टरमध्ये पॉवर क्वेरी ताजी करायची ॲक्शन नाही. फाइल उघडून 'रिफ्रेश ऑल' दाबावं लागतं, किंवा क्वेरी प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल उघडताना रिफ्रेश करा' यावर खूण करावी. रात्री आपोआप व्हायला हवं असेल तर तीच क्वेरी पॉवर बीआयमध्ये कॉपी-पेस्ट करा आणि सर्व्हिसवर वेळ लावा. फाइल शेअरपॉइंटवर असल्यानं गेटवे (ऑफिसच्या संगणकावरची माहिती सर्व्हिसपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. टॅलीच्या फाइल ऑफिसमधल्या संगणकावर राहिल्या तर मात्र गेटवे बसवावा लागेल आणि तो संगणक रात्रभर सुरू ठेवावा लागेल, म्हणून टॅलीची निर्यातही त्याच शेअरपॉइंटवर टाकायची सवय आत्ताच लावून घ्या.